घड्याळ कोणाचें?

‘द ग्लोबल ट्रान्स्फॉर्मेशन ऑफ टाइम : १८७०–१९५०’. लेखिका : व्हॅनेसा ओगल. प्रकाशक : हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, सन २०१५.

“किती वाजले?” ह्या प्रश्नाइतका निरुपद्रवी प्रश्न दुसरा नसेल, आणि तरीही ह्याच प्रश्नावरून शहरें व सरकारें, मालक व मजूर, राज्यकर्ते व प्रजा ह्यांच्यांत वर्षानुवर्षें भांडणें झालेलीं आहेत. युरोपांत व अमेरिकेंत बहुतेक ठिकाणीं वर्षांतून दोन वेळां घड्याळें हलवितात : वसंतांत तासभर पुढें, शरदांत तासभर मागें. उन्हाळ्यांतील लांब दिवसाचा उजेड झोपेंत वायां जाऊं नये, हा ह्या चालीचा मूळ उद्देश. ती ठेवावी कीं मोडावी, हा वाद तेथें अजून मिटलेला नाहीं. २०१८ सालीं युरोपीय संघानें लोकांचें मत मागितलें तेव्हां ४६ लाख उत्तरें आलीं, आणि त्यांपैकीं शेंकडा ८४ जणांनीं ही चाल नको असें कळविलें. २६ मार्च २०१९ रोजीं युरोपीय पार्लमेंटानें ४१० विरुद्ध १९२ मतांनीं २०२१ पासून ती बंद करण्याचा कौल दिला. पण सभासद-राष्ट्रांचें एकमत न झाल्यामुळें तो कौल कागदावरच राहिला. अमेरिकेच्या सेनेटनें १५ मार्च २०२२ रोजीं एकमतानें निराळाच ठराव केला, म्हणजे उन्हाळी वेळच बारा महिने चालवावी असा. दुसऱ्या सभागृहानें तो मतास घातलाच नाहीं. मेक्सिकोनें मात्र त्याच वर्षीं देशाच्या बहुतेक भागांत ही चाल मोडून टाकली.

ज्या कुटुंबांतील मुलेंबाळें लंडनास अथवा न्यू जर्सीस आहेत त्यांस ही घड्याळांची हलवाहलव ओळखीची आहे. लंडनचें अंतर हिवाळ्यांत साडेपांच तासांचें व उन्हाळ्यांत साडेचार तासांचें, हें फोनची वाट पाहणाऱ्या आजीस तोंडपाठ झालेलें असतें. त्यामुळें हा वाद परक्यांचा आहे, आपण त्याचे केवळ प्रेक्षक आहों, अशी आपली समजूत होते. ती बरोबर नाहीं. आपल्या मुंबई इलाख्यांत ह्याच जातीचा वाद १८८१ पासून पुढें दोन पिढ्या चालला होता. दुसऱ्या महायुद्धांत आपल्या देशाचीं घड्याळें तीन वर्षें तासभर पुढें ठेवलेलीं होतीं. आणि आपली प्रमाणवेळ अर्ध्या तासानें पुढें न्यावी किंवा देशाला दोन वेळा असाव्या, अशा सूचना विद्वानांकडून आजही येत असतात. घड्याळ कोणी हलवावें, कोणासाठीं हलवावें, आणि त्याचा भार कोणीं सोसावा, ह्या प्रश्नांचा विचार आपण स्वतःच्या अनुभवावरून केला पाहिजे. ह्या विचारास फार उपयोगी पडणारा, आणि म्हणूनच बारकाईनें तपासण्याजोगा ग्रंथ म्हणून ओगलबाईंचें हें पुस्तक आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

पुस्तकाचा पहिला गुण असा कीं, तें एका सर्वमान्य समजुतीचा पाया उखडून टाकतें. १८८४ सालीं वॉशिंग्टन येथें परिषद भरली, ग्रिनिच हें मूळ रेखावृत्त ठरलें, आणि त्याबरोबर साऱ्या जगाचीं घड्याळें एका सुतांत आलीं, असें आपण शाळेंत शिकलों. वस्तुस्थिति निराळी होती. परिषद झाल्यावरही कित्येक दशकें देशोदेशीं आपआपल्या राजधानीची, शहराची किंवा रेल्वेची वेळ चालू होती. फ्रान्सनें १९११ सालीं ग्रिनिचची वेळ पतकरली तीही “पॅरिसची वेळ, नऊ मिनिटें एकवीस सेकंद मागें” अशा आडवळणाच्या शब्दांत. प्रतिस्पर्ध्याच्या वेधशाळेचें नांव कायद्यांत यावयास नको होतें! जग आगगाडीनें व तारेनें जसजसें जवळ आलें तसतसा प्रत्येक राष्ट्रानें काळाचा उपयोग स्वतःचें घर बांधण्यासाठीं केला, हा लेखिकेचा मुख्य सिद्धांत आहे, आणि तो तिनें जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड, बैरुत व मुंबई अशा दूरदूरच्या ठिकाणांचीं उदाहरणें देऊन उत्तम रीतीनें मांडला आहे.

उन्हाळी वेळेची हकीकतही ह्यांत आहे. न्यूझीलंडमधील कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज हडसन ह्यांनीं १८९५ सालीं अशी सूचना प्रथम केली. पण तिचा खरा प्रचारक म्हणजे विल्यम विलेट हा इंग्रज घरबांधणीदार. पहाटे घोड्यावरून रपेट करतांना उन्हें वर आलीं तरी लोकांच्या खिडक्या बंद दिसतात ह्याचें त्यास दुःख होई. १९०७ सालीं त्यानें पुस्तिका छापून असें सुचविलें कीं एप्रिलांतील चार रविवारीं वीस-वीस मिनिटें करून घड्याळ ८० मिनिटें पुढें न्यावें. पार्लमेंटांत हें विधेयक पुन्हां पुन्हां आलें आणि पुन्हां पुन्हां पडलें. १९१५ सालीं विलेट वारला. पुढच्याच वर्षीं, ३० एप्रिल १९१६ रोजीं, युद्धांत कोळसा वांचविण्यासाठीं जर्मनीनें घड्याळें पुढें केलीं, आणि तीन आठवड्यांच्या आंत इंग्लंडनें तोच कित्ता गिरविला. जें समजावून सांगून दहा वर्षांत झालें नाहीं तें तोफांच्या आवाजांत एका महिन्यांत झालें. घड्याळ हलविण्याचा अधिकार शांततेच्या काळीं सहजासहजीं मिळत नाहीं. तो आणीबाणींत घेतला जातो आणि मग परत करण्याचें विसरलें जातें.

आतां मुंबईकडे वळूं. १८७० पासून हिंदुस्थानांतील आगगाड्या मद्रासच्या वेळेनें धांवूं लागल्या. ती मुंबईच्या वेळेच्या सुमारें अर्धा तास पुढें होती. १८८१ सालीं गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन ह्यांनीं मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांसही हीच वेळ लागू केली. शहर खवळलें. राजाबाई मनोऱ्यावरील घड्याळानें कोणती वेळ दाखवावी हा विद्यापीठांत वादाचा विषय झाला, आणि १८८३ सालीं सरकारास माघार घ्यावी लागली. पुढें लॉर्ड कर्झनच्या राजवटींत ८२ अंश ३० कला ह्या रेखावृत्ताची, ग्रिनिचच्या साडेपांच तास पुढें असलेली वेळ सबंध देशासाठीं ठरली. १९०५ सालीं ती रेल्वेनें घेतली व १ जानेवारी १९०६ पासून सरकारी व्यवहारांत आली. मुंबईचीं घड्याळें एका रात्रींत ३९ मिनिटें पुढें गेलीं. वंगभंगाचा तो काळ. गिरणीकामगारांनीं त्याच महिन्यांत नव्या घड्याळाविरुद्ध काम बंद पाडलें. आणि मुंबईच्या म्युनिसिपालिटीनें १९०६ सालींच बहुमतानें मुंबईची जुनी वेळ परत आणिली. स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही कांहीं काळ शहरांत दोन वेळा नांदत होत्या. कलकत्त्यानें आपली स्वतंत्र वेळ १९४८ पर्यंत सोडली नाहीं. ३९ मिनिटांच्या ह्या भांडणांत परक्या सत्तेविषयींचा सारा राग कसा सांठला, हें लेखिकेनें दाखविलें आहे, आणि मुंबईवरील हीं पानें मराठी वाचकानें मुद्दाम वाचावीं अशीं आहेत.

परंतु ग्रंथाची स्तुति येथेंच थांबवून त्याच्या उणीवांकडे वळलें पाहिजे. हें परीक्षण आम्ही घोटीहून लिहीत आहों, आणि घोटीहून पाहिलें असतां मुंबईच्या ह्या इतिहासांत एक मोठें भगदाड दिसतें.

घोटी हें इगतपुरी तालुक्यांतील भाताच्या व्यापाराचें गांव. थळ घाट चढून आल्यावर मुंबई-आग्रा रस्त्यावर आणि लोहमार्गावर वसलेलें. घाटांतील लोहमार्ग १८६५ सालीं खुला झाला. घोटीचें रेखांश पूर्व ७३ अंश ३८ कलांच्या आसपास आहे, आणि एका अंशास चार मिनिटें हा हिशेब शाळकरी मुलासही ठाऊक आहे. त्या हिशेबानें पाहतां स्टेशनावरील घड्याळ मद्रासच्या वेळेनें चालत होतें तोंवर तें घोटीच्या सूर्यापेक्षां सुमारें साडेसव्वीस मिनिटें पुढें होतें. १९०५ नंतर तें साडेपस्तीस मिनिटें पुढें गेलें. आणि १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ ह्या युद्धकाळांत देशभर तास वाढविला तेव्हां तें सूर्याच्या दीड तासाहूनही अधिक पुढें धांवूं लागलें. त्या तीन वर्षांत जानेवारी महिन्यांत घोटीस सूर्य उगवे तेव्हां घड्याळांत आठ वाजून गेलेले असत! विलेटला ऐंशी मिनिटें हवीं होतीं, तींही फक्त उन्हाळ्यापुरतीं. घोटीस ऐन थंडींत पंचाण्णव मिनिटें मिळालीं.

मुंबईनें अर्ध्या तासासाठीं गव्हर्नरास नमविलें आणि ३९ मिनिटांसाठीं सरकारशीं हुज्जत घातली. घोटीस कोणीं विचारलें? मुंबईचा महाजन सभा भरवूं शकत होता, वर्तमानपत्रांत लिहूं शकत होता, म्युनिसिपालिटींत मत देऊं शकत होता. लोहमार्गावरील खेड्यांस ह्यांपैकीं एकही साधन नव्हतें. तेथें घड्याळ आलें तेंच मुळीं परगांवची वेळ घेऊन आलें. आपल्या शिवारावरचा सूर्य दाखविणारें सार्वजनिक घड्याळ त्यांच्या वांट्याला कधीं आलेंच नाहीं. म्हणून तें गेल्याचें दुःखही नोंदलें गेलें नाहीं. ओगलबाईंची मुंबई ही सभांची, वर्तमानपत्रांची व सरकारी दप्तराची मुंबई आहे. जिथें विरोधाचा ठराव झाला तिथें त्यांचें लक्ष गेलें. जिथें ठरावच होऊं शकत नव्हता तो घाटमाथा त्यांच्या दृष्टीबाहेर राहिला. सत्तेच्या इतिहासांत ओरडणाऱ्याचीच नोंद होते, हा दोष जुना आहे. परंतु जो ग्रंथ साऱ्या जगाचा काळ मोजण्याची प्रतिज्ञा करतो त्यांत तो अधिक जाणवतो.

दुसरी उणीव ह्याहून खोल आहे, कारण ती माहितीची नसून विचाराची आहे. विलेटच्या योजनेस इंग्लंडांत झालेल्या विरोधाची मीमांसा करतांना लेखिका अशा निर्णयास येते कीं, काळ म्हणजे माणसाच्या दिनक्रमाहून निराळी, हवी तशी सरकवितां येणारी एक अमूर्त मोजपट्टी आहे, ही कल्पना त्या काळच्या सामान्य माणसास पचलेली नव्हती. ई. पी. टॉम्पसन ह्यांनीं १९६७ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत कारखान्यानें कामकऱ्याच्या अंगीं घड्याळ कसें बाणविलें तें सांगितलें होतें. तितकें तें बाणलेलें नव्हतें, असें ओगलबाईंचें म्हणणें. “लवकर उठावयाचें तर खुशाल उठा, कचेऱ्या लवकर उघडा, पण घड्याळास कां हात लावतां?” असें विचारणारा विरोधक लेखिकेच्या मतें नव्या काळाची भाषा न शिकलेला माणूस ठरतो.

आम्हांस हें पटत नाहीं. ज्या समाजाच्या भिंतीवर घड्याळाशेजारीं पंचांग टांगलेलें असतें त्यास हें पटणें कठीण आहे. पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून सुरू होतो. त्याच्या घटिका साठ, घटिकेचीं पळें साठ. एक घटिका म्हणजे घड्याळाचीं चोवीस मिनिटें. आपल्या घरांतील निरक्षर म्हातारीसही हीं दोन मापें एकाच वेळीं वापरतां येत असत, आणि एकाचें दुसऱ्यांत रूपांतर करणारा जोशी प्रत्येक गांवीं होता. लग्नाच्या मांडवांत पाण्यावर घटिकापात्र तरंगत असे, आणि वऱ्हाडास परत नेणारी गाडी मद्रासच्या वेळेनें सुटत असे. कोणाची गाडी चुकत नसे आणि कोणाचा मुहूर्तही टळत नसे. रामजन्माचेंच पाहा. शास्त्राप्रमाणें तो मध्याह्नींचा. घोटीस सूर्याचा मध्याह्न घड्याळांतील साडेबारा वाजून गेल्यावर होतो. पण कित्येक देवळांत पाळणा मात्र घड्याळाच्या बाराच्या ठोक्यास हालतो. प्रत्यक्ष सूर्यवंशी देवाचा जन्म ज्यांनीं सूर्य सोडून घड्याळावर नेला त्यांस अमूर्त काळ समजत नाहीं, असें म्हणणें हास्यास्पद होईल.

मग आक्षेप कशास होता? आमच्या मतें तो गणितास नव्हता. गणिताआड दडविलेल्या हुकुमास होता. १९०६ च्या जानेवारींत गिरणीकामगारानें काम बंद केलें तें त्याला रेखावृत्त कळलें नाहीं म्हणून नव्हे. कामावर येण्याचा आंकडा तोच राहणार आणि अंथरूण मात्र ३९ मिनिटें आधीं सोडावें लागणार, हें त्यास पुरेपूर कळलें होतें. “उद्यांपासून पाऊण तास आधीं या” असें मालकानें सांगितलें असतें तर मजुरानें “कां?” असें विचारलें असतें, मजुरी मागितली असती, भांडण समोरासमोर झालें असतें. काटा हलविला म्हणजे हुकूम देणारा नाहींसा होतो. उरतें तें फक्त घड्याळ, आणि घड्याळाशीं भांडणारा माणूस अडाणी दिसतो. “कचेरी लवकर उघडा, घड्याळ हलवूं नका” हें विरोधकाचें म्हणणें त्यामुळेंच शहाणपणाचें होतें. घंटा हलविणाऱ्यास नांव असतें. काटा हलविणाऱ्यास नसतें. हा भेद ज्यांनीं ओळखला त्यांच्या बुद्धीबद्दल लेखिकेनें शंका घ्यावी, हें ह्या विद्वत्तापूर्ण ग्रंथाचें मोठें वैगुण्य आहे.

ग्रंथ १९५० शीं थांबतो. प्रश्न थांबलेला नाहीं. दिलीप आहुजा व दे. प्र. सेनगुप्ता ह्यांनीं असें मांडलें आहे कीं, भारतीय प्रमाणवेळ कायमची अर्धा तास पुढें नेली तर संध्याकाळच्या ऐन मागणीच्या वेळची वीज वांचेल. ही बचत वर्षास दोन अब्ज युनिटांहून अधिक होईल असा त्यांचा अंदाज आहे. त्यांनीं वर्षांतून दोनदां घड्याळ हलविण्याचा उपद्व्याप टाळला, हें त्यांच्या सूचनेचें शहाणपण. दुसरी सूचना राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञांनीं २०१८ सालीं केली : आसामच्या पश्चिम सीमेजवळून रेषा ओढून पूर्वेकडील राज्यांस एक तास पुढची वेळ द्यावी. ईशान्येकडील तक्रार खरी आहे. देशाच्या पूर्व-पश्चिम टोंकांत सुमारें २९ अंशांचें, म्हणजे जवळजवळ दोन तासांचें अंतर. आसामांत जून महिन्यांत साडेचारच्या सुमारास सूर्य वर येतो आणि कचेरी दहाला उघडते. तेथील चहाच्या मळ्यांनीं ‘बागान टाइम’ म्हणून एक तास पुढची वेळ स्वतःपुरती कधींच चालू केली आहे. जेथें दिवस खरोखरच वांकडा पडला आहे तेथें लोकांनीं मागितलेली वेळ त्यांस द्यावी. ती काट्याची चोरी नव्हे, काट्याची परतफेड आहे.

परंतु सबंध देशाचा काटा पुढें नेण्याची सूचना निराळी आहे. तिचा हिशेब घोटीच्या उंबऱ्यावर बसून करावा. जानेवारीच्या मध्यास येथें सूर्य सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास उगवतो. अर्धा तास पुढें गेल्यावर तो पावणेआठाच्या आंत-बाहेर उगवेल. सातच्या शाळेस व कॉलेजास वाड्यापाड्यांवरून येणाऱ्या मुलामुलींनीं एस.टी.च्या थांब्यापर्यंतची वाट पूर्ण काळोखांत तुडवावी लागेल, आणि मुली अंधारांत पाठवावयाच्या नाहींत असें ठरविणारीं घरें आपल्याकडे अजून थोडीं नाहींत. वांचलेली वीज सर्व देशाच्या खात्यावर जमा होईल. गेलेली पहाट मात्र पश्चिमेकडील खेड्यांच्या नांवें पडेल. परदेशचा अनुभवही बोलका आहे. अमेरिकेनें १९७४ च्या जानेवारीपासून उन्हाळी वेळ बारमाही केली. अंधारांत शाळेस निघालेल्या मुलांवरून इतकी ओरड झाली कीं त्याच वर्षीं कायदा बदलावा लागला. रशियानें २०११ सालीं तोच प्रयोग केला आणि २०१४ सालीं सोडला. विजेच्या बचतीबद्दलही सगळीकडे एकच उत्तर येत नाहीं : अमेरिकेंतील इंडियाना राज्यानें २००६ सालीं सर्वत्र उन्हाळी वेळ लागू केली, तेव्हां घरगुती वीज कमी न लागतां शेंकडा एकाच्या आसपास अधिकच लागली, असें तेथील पाहणींत आढळलें.

ह्याशिवाय अक्षांशाचा मुद्दा आहे, आणि तो निर्णायक आहे. लंडनास सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून मोठा व सर्वांत लहान आठ तासांहूनही लहान. फरक पावणेनऊ तासांचा. घोटीस मोठा दिवस सव्वातेरा तासांचा व लहान अकरा तासांच्या आंतला. फरक सव्वादोन-अडीच तासांचा. विलेटच्या देशांत वायां जाण्याइतका उजेड होता. आपल्याकडे उजेडाचा व्यय नाहीं. असलाच तर उन्हाचा आहे, आणि त्यावरचा इलाज आपल्या लोकांनीं घड्याळास न विचारतां केव्हांच शोधून काढला आहे.

तो इलाज म्हणजे सकाळची शाळा. उन्हें तापूं लागलीं कीं मराठी शाळा सकाळीं भरूं लागतात. अकराची घंटा सातला वाजते, आणि काट्यास कोणी बोट लावीत नाहीं. हीच आपली उजेडाची बचत. भाताची आवणी आषाढांत उजाडतां सुरू होते आणि शेतावर जाणारी बाई स्टेशनावरच्या घड्याळाकडे पाहून निघत नाहीं. घंटा उलट दिशेनेंही हलवितां येते. फेब्रुवारी २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनानें चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊच्या आधीं भरवूं नयेत असा आदेश काढला. लहान मुलांची झोप पुरी होत नाहीं, हें त्याचें कारण. लगेच दोन पाळ्यांच्या शाळा, बसमालक, नोकरी करणारे आईबाप, सर्वांनीं आपआपल्या अडचणी पुढें मांडल्या. ह्या गलबल्याचें आम्हांस मुळींच वाईट वाटत नाहीं. मुलाच्या झोपेची किंमत कोणीं द्यावी, हा प्रश्न घरोघरीं उघडपणें बोलला गेला. तीच सुधारणा घड्याळ हलवून केली असती तर असा एकही शब्द निघाला नसता. सगळेच मुकाट्यानें जांभया देत निघाले असते.

विरुद्ध बाजूचा एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणें मान्य केला पाहिजे. घंटा हलविणें सोपें नाहीं. शाळा लवकर भरली आणि एस.टी. जुन्याच वेळीं आली, कचेरी लवकर उघडली आणि बँक उशिरां, तर लवकर उठणाराचीच फजिती. सर्वांनीं एकाच क्षणीं पाऊल उचलावें ह्यासाठींच काटा हलविण्याची युक्ति निघाली, आणि विलेटचें सारें बळ ह्या एका विचारांत होतें. जेथें दिवसाची लांबी ऋतूप्रमाणें आठ-नऊ तासांनीं बदलते तेथें हा विचार वजनदार आहे, आणि इंग्लंडनें किंवा कॅनडानें आपली चाल ठेवली म्हणून त्यांस हंसण्याचें कारण नाहीं. परंतु जेथें बदल दोन-अडीच तासांचा, तेथें पंचवीस-तीस कोटी घरांचीं घड्याळें हलविण्यापेक्षां शाळेनें, एस.टी.नें व कचेरीनें एकत्र बसून घंटा ठरविणें हेंच स्वस्त, सरळ आणि सभ्य.

ओगलबाईंच्या ग्रंथाचें महत्त्व ह्या मतभेदांनीं कमी होत नाहीं. घड्याळांतील आंकडे निसर्गानें दिलेले नसून माणसांनीं, आणि बहुधा समर्थ माणसांनीं, ठरविलेले आहेत, हें इतक्या पुराव्यानिशीं सांगणारीं पुस्तकें थोडीं. इंग्रजी वाचणाऱ्या प्रत्येकानें तें वाचावें. पण तें वाचून मिटतांना एका मराठी ग्रंथाची उणीव तीव्रतेनें भासते. जुन्या पंचांगांच्या चळती, रेल्वेचीं वेळापत्रकें, गिरण्यांचीं हजेरीबुकें, ग्रामीण शाळांचे शेरेबुक, आणि युद्धकाळच्या मराठी वर्तमानपत्रांचे अंक घेऊन कोणीतरी अभ्यासूनें बसावें आणि आपल्या खेड्यांनीं परक्या वेळेशीं संसार कसा केला तें लिहावें. १९४२ सालीं ज्यांनीं आठ वाजतां सूर्य उगवतांना पाहिला अशीं माणसें आतां फारच थोडीं उरलीं आहेत, आणि त्यांचीं घरें मुंबईपेक्षां घोटीसारख्या गांवांत अधिक सांपडतील. हें काम लवकर व्हावयास हवें.